लवंगेच्या तेलाचा बोळा

आमच्या पिढीचा दात दिवसा कधी दुखला नाही. तो रात्रीच दुखायचा, गावातला एकुलता एक दवाखाना बंद झाल्यावर. दुखायचा एकाचा आणि जागं व्हायचं सगळं घर. आई फडताळातून इवलीशी बाटली काढायची, काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायची, त्यावर दोन थेंब टाकायची आणि कंदिलाच्या उजेडात म्हणायची, "आ कर. दाढेत धर. गिळू नकोस, जीभ लावू नकोस." जीभ लागायचीच, आणि चटका बसायचाच. काकू मिठाचं कोमट पाणी आणायची, आजी उशाशी बसून पाठीवरून हात फिरवायची, वडील कूस बदलून "खा अजून गोळ्या" एवढंच म्हणायचे. लवंगेच्या तेलाचा वास सकाळपर्यंत अंथरुणाला यायचा. आजही मसालेभाताच्या घासात लवंग दाताखाली आली की आधी आई आठवते, मग दाढ.

रात्रीच का, याचं उत्तर पुढे कधीतरी वाचलं. दाताच्या आतल्या नसेला सूज आली तरी तिला फुगायला जागा नसते, चहूबाजूंनी कठीण भिंत. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि ती कोंडलेली नस ठणकू लागते. म्हणजे आम्हाला नुसतं उठून बसवलं असतं तरी थोडं बरं वाटलं असतं. पण आजीने तर मांडीवर डोकं घेऊन आडवं केलेलं असायचं. माया आणि शरीरशास्त्र यांचं आमच्या घरी फारसं जमलं नाही.

आता दात रात्री दुखत नाही, कारण दुखेपर्यंत कुणी थांबत नाही. गेल्या महिन्यात सात वर्षांच्या नातवाला घेऊन पुण्यात लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याला काहीही होत नव्हतं. आमच्या लहानपणी काही होत नसताना दवाखान्यात गेलो असतो, तर डॉक्टरांनी दात सोडून आधी डोकं तपासलं असतं. इथे खुर्चीच्या वर छताला टीव्ही, टीव्हीवर कार्टून. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. दिवसातून किती वेळा खातो, मधल्या वेळी काय खातो, ब्रश कोण करून देतं, आईवडिलांच्या किती दाढा भरलेल्या आहेत, असं सगळं तिने विचारून घेतलं. मग त्याला एका कपात थुंकायला सांगितलं. थुंकल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच शाबासकी मिळाली म्हणून स्वारी खूश. शेवटी संगणकावर एक रंगीत गोल उमटला, भाकरीचे पाच तुकडे करावेत तसा. एक तुकडा आहाराचा, एक जंतूंचा, एक दाताच्या मूळच्या ताकदीचा, एक इतर परिस्थितीचा आणि उरलेला हिरवा. "काका, हिरवा म्हणजे नवी कीड टळायची शक्यता," ती म्हणाली. स्वीडनमधल्या माल्मोच्या डग्लस ब्रॅटहॉल या प्राध्यापकांनी १९९०च्या दशकात ही युक्ती काढली. तिचं नाव कॅरिओग्राम. नातवाचा हिरवा तुकडा अर्ध्याहून जरा मोठा निघाला. मी घरी फोन करून सांगितलं, "पास झाला."

आमचं हे भविष्य आजी सांगायची, तेही लाळ न तपासता. "बापाची दाढ पंचविशीत गेली, याची विशीत जाईल." आणि कीड म्हणजे खरोखरची कीड, यात तिला शंका नव्हती. तांदळाला लागते, लाकडाला लागते, तशी दाताला लागते. बाजाराच्या दिवशी एक वैदू यायचा. तो निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायचा, नळीने तोंडात धूर घ्यायला लावायचा आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे दाखवायचा. आम्ही पोरं वाटीवर ओणवी होऊन किडे मोजायचो. ते बियांचे तुकडे होते की हातचलाखी, देव जाणे. पण ज्याच्या तोंडातून सात निघाले तो आठवडाभर गल्लीत मिरवायचा.

दातात अळी नसते, हे फ्रान्सच्या पिएर फोशार्ने १७२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. ते आमच्या बाजारापर्यंत पोचायला अडीचशे वर्षंही पुरली नाहीत. १८९० मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने खरा मामला उलगडला. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने त्यातला एक मोठा आरोपी, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, नावानिशी हजर केला. तोंडाचा पीएच साडेपाचाच्या आसपास खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लाळ ते पुन्हा सावरायला अर्धा ते एक तास घेते. एवढं सगळं कळलं, तरी मराठीत आपण अजून 'कीड'च म्हणतो. आणि विचार केला तर आजी फार चुकली नव्हती. प्राणी होताच, फक्त वाटीत दिसण्याएवढा मोठा नव्हता.

आता गोळ्यांचं. वडिलांच्या त्या 'खा अजून गोळ्या'पायी आमचं सगळं बालपण शरमेत गेलं. पण खरोखर किती गोळ्या खाल्ल्या आम्ही? साखर रेशनवर, आणि ती पाहुण्यांच्या चहासाठी राखलेली. लिमलेटची गोळी मिळायची बाजाराच्या दिवशी, तीही बहिणीबरोबर सदऱ्याच्या टोकात धरून दाताने फोडून, अर्धी अर्धी. गोडधोड सणाला, आणि तेही जेवणाच्या ताटातच. मधल्या वेळी हातावर शेंगदाणे नाहीतर चुरमुरे. हा संयम मुळीच नव्हता. मिळालं असतं तर आम्ही पोतं फस्त केलं असतं.

इथे परत स्वीडन आडवं येतं. लुंड शहरातल्या विपेहोल्म नावाच्या मतिमंदांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घातली आणि त्यांचे दात किडताना नोंदवले. त्यांची परवानगी कुणी घेतली नाही. आज असा प्रयोग करणारा तुरुंगात जाईल. पण त्यातून जे कळलं त्यावर जगभरचे दंतवैद्य अजून उभे आहेत. एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे महत्त्वाचं. पुढे स्वीडनमध्ये 'खाऊ फक्त शनिवारी' अशी रीतच पडली. म्हणजे सदऱ्यात फोडलेली आमची ती अर्धी गोळी शास्त्रशुद्ध होती. फक्त तिचं शास्त्र गरिबीने शिकवलेलं होतं. नातवाला आता तीच शिस्त समजुतीने शिकवावी लागते, कारण त्याच्या घरात बिस्किटांचा डबा कधी रिकामा होत नाही. आमची शिस्त परिस्थितीने पाळली, त्याची त्याला पाळायची आहे. अवघड कुणाचं, मला सांगता येत नाही.

दात घासण्याचा मात्र आमचा थाट होता. परसात दगडावर ओळीने बसायचं, डाव्या तळहातावर राखुंडी घ्यायची, उजव्या बोटाने दात करकरेस्तोवर घासायचं, आणि मग चुळा. चूळ लांब कोण टाकतो याची पैज लागायची, आणि शेजारचे तात्या घशापासून जो खळखळाट करायचे त्यावर गल्ली घड्याळ लावायची. पाहुणा आला की काळ्या मंजनाचा डबा निघायचा. टूथपेस्ट फक्त मुंबईच्या मामाच्या बॅगेत असायची आणि ती आम्ही चोरून चाटायचो. बायका पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावायच्या. दात बळकट होतात म्हणायच्या आणि अर्धा तास गप्पा मारायच्या. त्यांच्या दिवसातला तो एकच अर्धा तास त्यांचा होता. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. आमच्या काकूच्या गालाला आतून जो चट्टा पडला, त्याची सुरुवात त्याच अर्ध्या तासात झाली. त्या गप्पा आठवून मी हळवा होतो, आणि काकूचा गाल आठवून गप्प बसतो.

राखुंडीने दात चकाकायचे, कारण मळाबरोबर कवचही घासलं जायचं. आता ट्यूबमधून वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ केसांचा ब्रश, दोन मिनिटं. खरं काम ब्रशपेक्षा जास्त पेस्टमधलं फ्लोराइड करतं, आपल्याकडे साधारण १००० पीपीएमपर्यंत. त्याचंही प्रमाण सांभाळावं लागतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यात हेच फ्लोराइड इतकं आहे की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांची हाडं आखडतात. आणि सगळ्यात मोठा धक्का पुढे. डॉक्टरीणबाईने नातवाला सांगितलं, "घासून झालं की नुसतं थुंकायचं. चूळ भरायची नाही, फ्लोराइड धुऊन जातं." मी चमकून बघितलं. चूळ भरायची नाही? म्हणजे तात्या आयुष्यभर चुकीचा खळखळाट करत होते तर! संस्कृती म्हणून जे आम्ही मिरवलं, त्यातलं एक टोक असं बेसिनमध्ये वाहून गेलं.

तरी घरगुती उपाय थकायचे आणि एक दिवस तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे जावंच लागायचं. लाकडी बाक, 'किर्लोस्कर' आणि 'अमृत'चे जुने अंक, आतून पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची घरघर आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाचा हात गालावर. यंत्राचा वेग इतका कमी की भोक पडायच्या आधी कवटी हलायची. दाढ कोरून झाली की डॉक्टर खलात चांदी आणि पारा घोटायचे आणि फडक्यात पिळून जादा पारा काढायचे. रडलो नाही तर बक्षीस म्हणून पाऱ्याचा एक थेंब औषधाच्या रिकाम्या बाटलीतून घरी न्यायला द्यायचे. तो थेंब आम्ही जमिनीवर फोडायचो, जोडायचो, पुन्हा फोडायचो. आमच्या लहानपणचं सर्वांत सुंदर खेळणं विषारी होतं. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि त्यात दाताची चांदीही आली. नातवाच्या दाढेत उद्या काही भरलंच, तर ते दाताच्याच रंगाचं असेल आणि निळ्या उजेडात काही सेकंदांत घट्ट होईल. बक्षीस म्हणून स्टिकर मिळेल.

रूट कॅनाल हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. आधी होतं 'नस मारणं'. डॉक्टर दाढेत काहीतरी भरून वर बोळा दाबायचे आणि सांगायचे, "आज रात्री दुखेल. दुखलं म्हणजे औषध काम करतंय. पुढच्या सोमवारी या." त्यात काय असायचं, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. दंतवैद्यकाच्या इतिहासात ते मोकळेपणाने लिहिलेलं आहे. न्यूयॉर्कच्या स्पूनरने १८३६ मध्ये नस मारायला चक्क सोमल सुचवला, आणि तो पुढे शंभराहून जास्त वर्षं या ना त्या रूपात वापरला गेला. जरा झिरपला तर हिरडी आणि हाडसुद्धा जाळायचा. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बकलीचं फॉर्मोक्रेसोल आलं. ज्या फॉर्मॅलिनमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक मुरत पडलेले असायचे, त्याच्याच घराण्यातलं. आणखी एक मिश्रण होतं कापूर आणि क्लोरोफिनॉलचं. त्याचा वास देवघराचाही यायचा आणि इस्पितळाचाही.

पण खरी गंमत त्या मधल्या आठवड्याची होती. तोंडात औषध भरलेलं आणि वरचा बोळा जपायचा. त्या बाजूने चावायचं नाही, म्हणून आई मऊ खिचडी करायची. शाळेत मास्तर विचारायचे, "काय रे, अजून बोळाच का?" सोमवारी डॉक्टर बोळा काढून नाकाशी धरायचे. हो, वास घ्यायचे! वास आला तर अजून एक आठवडा, नाही आला तर पुढचं काम. अशा पाच-सहा सोमवारांत वडील आणि मी एसटीने जायचो-यायचो. वडिलांशी मी आयुष्यात जे काही सलग बोललो, त्यातलं बरंचसं त्या एसटीत, तोंड अर्धं बधिर असताना. तेव्हा मी कमी बोलायचो, म्हणून कदाचित ते जास्त बोलायचे.

आता नातवाच्या आईचं रूट कॅनाल एका बैठकीत झालं. बधिर केलं, दातावर रबराचा पडदा ताणला, निकेल-टायटॅनियमच्या लवचीक सुईने मुळं साफ केली, मुळाची लांबी यंत्राने मोजली. मुळं धुतली ती सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचच्याच सख्ख्या भावाने. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायलाही तेच होतं. दीड तासात बाई ऑफिसच्या मीटिंगला हजर. मधलं औषध लागलंच, तर आता बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हर्मन नावाच्या जर्मनाने १९२० मध्ये ते दंतवैद्यकात आणलं. आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे काय? विरलेला चुना. आजीच्या पानाच्या डब्यातल्या चुनाळीत असायचा त्याच जातीचा. आम्लावर उतारा, जंतूंचा वैरी. (पण म्हणून पानाचा चुना दाढेत घालू नका. हिरडी भाजेल.) जपानी संशोधकांनी तीन प्रतिजैविकांची एक पेस्टही काढली. ती गुणाची, पण तिच्यातल्या मिनोसायक्लिनने दात काळपट पडतो. अशी एकेका औषधाची गंमत.

पण या सगळ्या औषधांचा तोरा उतरवला तो उंदरांनी. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत कोरून तशाच उघड्या सोडल्या. साध्या उंदरांच्या नसा सडल्या. एकही जंतू नसलेल्या हवेत वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्न अडकलं, तरी नस जगली आणि तिने वर नवं छप्पर घातलं. आम्ही पोरं पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकायचो नाहीतर उंदराच्या बिळात टाकायचो आणि म्हणायचो, माझा घे, तुझा दे. उंदराने व्यवहार पाळला म्हणायचा. तेव्हापासून दंतवैद्यकाला हळूहळू पटत गेलं की दाढेत काय भरता यापेक्षा दाढेतून काय काढता हे मोठं. नीट साफ केलेल्या दाढेला एक बैठक काय आणि चार काय, अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तरी यश सारखंच येतं. एका बैठकीत केलं तर पहिले काही दिवस दुखायची शक्यता थोडी जास्त, एवढंच. म्हणजे वडिलांबरोबरचे ते पाच सोमवार वैद्यकीयदृष्ट्या बहुधा अनावश्यक होते.

आणि इथे मला माझाच संशय येतो. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नस बधिर करतं. ते कीड थांबवत नाही. आई बोळा ठेवायची, दुखणं ओसरायचं, सगळे झोपायचे आणि खाली दाढ आपली किडतच राहायची. म्हणूनच आमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या दाढा तिशीच्या आत गेल्या. जुन्या दिवसांवर मी हे जे लिहितोय, तोही तसलाच बोळा नाही का? वास छान येतो, ठणका थांबतो आणि काकूचा गाल, पाऱ्याचा थेंब, सोमल, सगळं त्याखाली झाकून जातं.

तरी एक सांगतो आणि थांबतो. आजी पंचावन्नाव्या वर्षी बोळकी झाली. कवळी होती, पण ती फक्त लग्नाला घालायची. दुपारी सगळं निजलं की ती पान लावायची. कात, सुपारी, बोटाच्या टोकावर चुना. मग ते पितळेच्या छोट्या खलबत्त्यात टाकून माझ्यापुढे सरकवायची. कुटायचं काम माझं. ती डोळे मिटून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "अजून दहा." दहा झाले की, "अजून पाच." शेवटी चिमूटभर माझ्या तळहातावर. सुपारीने कर्करोग होतो, हे आता पक्कं माहीत आहे. तेव्हा फक्त एवढं माहीत होतं की आजीचे दात म्हणजे मी.

माझ्या बायकोचं वय एकसष्ट. सव्वीस दात जागेवर, त्यातल्या तिघांचं रूट कॅनाल. ऊस ती अजून दाताने सोलते. खलबत्ता दिवाणखान्यातल्या कपाटात, पितांबरीने घासून ठेवलेला. परवा नातवाने विचारलं, "आजोबा, हे कशाला?"

"माझ्या आजीला पान कुटून द्यायला. तिला दात नव्हते."

"मग ती डॉक्टरकडे का नाही गेली?"

याला काय सांगणार? मी खलबत्ता परत कपाटात ठेवला. सहा महिन्यांनी नातवाची पुढची तपासणी आहे, त्याच दिवशी माझंही नाव घालून आलो आहे. सध्या माझं काहीही दुखत नाही.